तोकडा पाय कोणता? ‘बळकटी’चे प्रश्न सोडवण्याची रीत

पुण्यात पेरूगेटाजवळच्या एका अभ्यासिकेत मी रविवारी सकाळी दोन तास तर्काचे प्रश्न सोडवून घेते. फी नाही, चहा ज्याचा त्याने आणायचा. मागच्या महिन्यात फळ्यावर हा प्रश्न लिहिला होता:

एका अभ्यासिकेच्या मालकाने मार्चच्या परीक्षेनंतर दाराशी मोबाइल लॉकर बसवले. एप्रिलच्या सराव परीक्षेत तिथल्या विद्यार्थ्यांचे सरासरी गुण मार्चपेक्षा वाढले. यावरून दिसते की लॉकरमुळेच विद्यार्थ्यांचे गुण वाढले.

खालीलपैकी कोणते विधान खरे मानल्यास या युक्तिवादाला सर्वाधिक बळकटी मिळते?

अ) सतत मोबाइल पाहिल्याने एकाग्रता भंगते, असे तिथल्या बहुतेक विद्यार्थ्यांचे मत आहे.
ब) त्याच मालकाच्या दुसऱ्या शाखेत लॉकर नाहीत. तिथल्या विद्यार्थ्यांनी याच दोन्ही परीक्षा दिल्या, पण त्यांचे सरासरी गुण वाढले नाहीत.
क) एप्रिलपासून अभ्यासिकेची फी वाढली आणि अभ्यासात फारसा रस नसलेले काही विद्यार्थी सोडून गेले.
ड) लॉकर बसवल्यावर बहुतेक विद्यार्थी फोन त्यात ठेवू लागले.

बारा जण होते. सात जणांनी ‘अ’ म्हटलं, तिघांनी ‘ड’, एकीने ‘ब’. उरलेला लातूरकडचा मुलगा हात बांधून बसला होता. म्हणाला, “ताई, लॉकर लावून कुठं मार्क वाढतात का? मी स्वतः लॉकरमध्ये फोन ठेवून दोन तास झोपलोय.” सगळे हसले, मीही हसले. त्याचं म्हणणं खरं असेलही, पण ते या प्रश्नात कुणी विचारलेलं नाही. लॉकर कामाचे आहेत की नाहीत हे आपल्याला ठरवायचं नाही. मालकाचा युक्तिवाद जसा आहे तसा घ्यायचा आणि त्याला टेकू द्यायचा.

डुगडुगणारं टेबल आठवा. आपण पुठ्ठ्याची घडी करतो, जो पाय तोकडा आहे त्याच्याखाली सारतो. घडी कितीही जाड असो, चुकीच्या पायाखाली गेली तर टेबल आणखी हलतं. आणि टेबल सागवानी होत नाही. फक्त आधीपेक्षा कमी हलतं. बळकटी देणं म्हणजे एवढंच. निष्कर्ष शंभर टक्के सिद्ध करणारा पर्याय शोधत बसलात, तर बरोबर उत्तर समोर असूनही हातचं जाईल.

आधी, हे विचारतात कुठे

क्लॅटच्या (कायद्याच्या प्रवेशपरीक्षेच्या) तर्काच्या उताऱ्यांवर बळकटीचे आणि त्याच्या उलट म्हणजे कमकुवत करणारे प्रश्न नेहमीचे असतात. परदेशी विद्यापीठांत व्यवस्थापनासाठी जीमॅट आणि कायद्यासाठी एलसॅट द्यावी लागते, त्या परीक्षांचा तर हा कणाच आहे. ऑगस्ट २०२४ पासून एलसॅटमधून ‘लॉजिक गेम्स’ (अटींवरून मांडणी जुळवण्याची कोडी) गेले, त्यामुळे तिथे युक्तिवादाच्या प्रश्नांचं वजन आणखी वाढलं. राज्यसेवा आणि यूपीएससीच्या सीसॅटमध्ये, म्हणजे पूर्वपरीक्षेच्या कल चाचणीच्या पेपरात, गृहीतक (न सांगता धरून चाललेली गोष्ट) आणि अनुमान जास्त येतं, बळकटी कमी. पण ज्याला युक्तिवादातला तोकडा पाय, म्हणजे पुरावा आणि निष्कर्ष यांमधली फट दिसते त्याला गृहीतकही दिसतं, कारण दोन्ही एकाच जागी लपलेली असतात. तेव्हा ही मेहनत वाया जात नाही.

एक घोटाळा इथेच मिटवू. बँकेच्या परीक्षांच्या पुस्तकांत ‘सबळ आणि दुर्बळ युक्तिवाद’ असा प्रकार असतो. तिथे एक प्रश्न देतात, खाली होकार-नकाराची कारणं देतात आणि कोणतं कारण वजनदार ते विचारतात. तो वेगळा खेळ. तिथली सवय इथे आणली की माणूस ‘सगळ्यात चांगलं वाटणारं वाक्य’ निवडतो. आमच्या सात जणांनी ‘अ’ निवडला तो असाच.

पहिली पायरी: उताऱ्याआधी प्रश्न वाचा

‘खरे मानल्यास’ हे दोन शब्द दिसले की त्याखाली रेघ मारा. याचा अर्थ, चारही पर्याय खरे आहेत असं परीक्षकाने आपल्याला देऊन टाकलंय. ते खरे आहेत का, हे तपासण्यात एक सेकंदही घालवायचा नाही.

दुसरी गोष्ट, बाहेरची माहिती इथे चालते. आकलनाच्या प्रश्नांनी आपल्याला वर्षानुवर्षं बजावलंय की उताऱ्यात नाही ते उत्तर नाही. अनुमानाच्या प्रश्नात ते बरोबरच आहे, कारण तिथे उताऱ्याकडून पर्यायाकडे जायचं असतं. बळकटीत उलटी वाट: पर्याय नवीन काहीतरी घेऊन येतो आणि ते उताऱ्याला जोडतो. ‘ब’ नाकारणाऱ्या दोघींचं कारण हेच होतं, “दुसऱ्या शाखेचा उल्लेखच नाहीये ना उताऱ्यात!” नाहीच. म्हणून तर तो हवा.

दुसरी पायरी: निष्कर्ष पकडा, शब्दासकट

निष्कर्ष नेहमी शेवटी नसतो. ‘महापालिकेने अमुक करावे’ असं पहिल्याच वाक्यात ठोकून पुढे कारणं देण्याची रीत आपल्या अग्रलेखांतही आहे. शंका आली की दोन वाक्यांमध्ये ‘कारण’ घालून पाहा. ‘लॉकरमुळे गुण वाढले, कारण एप्रिलमध्ये सरासरी वाढली’ असं बोलता येतं. ‘एप्रिलमध्ये सरासरी वाढली, कारण लॉकरमुळे गुण वाढले’ हे म्हणताना जीभ अडखळते. ‘कारण’च्या अलीकडे जे नीट बसतं तो निष्कर्ष. ‘काही जण म्हणतात’ अशी सुरुवात असेल तर थांबा. पुढे ‘परंतु’ येतो आणि लेखकाचं मत त्यानंतर असतं.

मग निष्कर्षातले छोटे शब्द बघा. मराठीत सगळ्यात खोडकर अक्षर ‘च’. ‘लॉकरमुळे गुण वाढले’ आणि ‘लॉकरमुळेच गुण वाढले’ यांत केवढा फरक आहे! पहिल्यात लॉकरचा वाटा असला तरी भागतं. दुसऱ्यात बाकी सगळ्या कारणांना दार बंद केलंय. दावा जितका मोठा, तितका तोकडा पाय जास्त तोकडा. ‘बहुतेक’, ‘काही’, ‘किमान’, ‘शक्यता आहे’ यांनाही असंच टिचकी मारून बघायचं. मराठी आणि इंग्रजी दोन्हीत छापलेला प्रश्न असेल आणि मराठी भाषांतरात हे बारके शब्द घसरलेले वाटले, तर इंग्रजी ओळ वाचून घ्या. मराठीचा कितीही अभिमान असला तरी गुण महत्त्वाचे.

तिसरी पायरी: खवट आजोबांना बोलवा

सगळी मेख इथे आहे. पर्याय वाचण्याआधी फट स्वतःच्या शब्दांत सांगता आली पाहिजे. त्यासाठी मी मुलांना सांगते, डोक्यात सदाशिव पेठेतले एक आजोबा बसवा. कट्ट्यावर पेपर चाळणारे, कशालाच पटकन हो न म्हणणारे. तुम्ही त्यांना युक्तिवाद ऐकवला की चष्म्यावरून बघत ते म्हणणार, “बरं, मग? एप्रिलचा पेपर सोपा असेल.” “आधीची ढ पोरं सोडून गेली असतील.” “परीक्षा जवळ आली की अभ्यास वाढतोच. त्यात लॉकरचं काय कौतुक?”

आजोबांची ही तीन वाक्यं म्हणजे तीन फटी. आता पर्यायांत आजोबांचं तोंड कोण बंद करतं ते बघायचं. ‘ब’ बघा. तोच पेपर, तोच काळ, तोच मालक, फक्त लॉकर नाहीत, आणि गुण वाढले नाहीत. पेपर सोपा असता तर तिथेही वाढले असते. परीक्षा जवळ आल्याचा परिणाम असता तर तिथेही दिसला असता. आजोबांच्या तीन शंकांपैकी दोन एका फटक्यात गेल्या. ढ मुलांची शंका उरलीच, पण सगळ्या फटी बुजवायची जबाबदारी ‘ब’वर नाही.

‘क’ तर आजोबांच्याच बाजूचा आहे, तो युक्तिवाद कमकुवत करतो. ‘अ’ फक्त विद्यार्थ्यांचं मत सांगतो. मत असण्याने एप्रिलमध्ये काय घडलं ते कळत नाही. ‘ड’वर मात्र आमची पंधरा मिनिटं वादावादी झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. लॉकर वापरलेच गेले नसते तर युक्तिवाद कोसळला असता, म्हणजे ‘ड’ थोडा टेकू देतोच. पण फोन लॉकरमध्ये गेले आणि पेपरही सोपा होता, असं दोन्ही एकदम असू शकतं. ‘ड’नंतरही आजोबांचं तोंड चालूच राहतं. प्रश्नातला ‘सर्वाधिक’ हा शब्द अशा जागी कामी येतो: टेकू देणारे दोन पर्याय असतील, तर ज्याने मोठी शंका मिटते तो घ्यायचा.

कार्यकारणाचे युक्तिवाद, जरा सावकाश

निम्म्याहून जास्त वेळ यांच्यावर घालवावा असं माझं मत आहे. ‘हे झालं, मग ते झालं, म्हणून यामुळे ते झालं.’ कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, तर फांदी कावळ्याने मोडली का? संस्कृतात यालाच काकतालीय न्याय म्हणतात. आजोबा इथे तीनच गोष्टी बोलू शकतात: हा निव्वळ योगायोग आहे, खरं कारण तिसरंच आहे, किंवा उलटं आहे, म्हणजे ज्याला कार्य म्हणताय तेच कारण आहे. रोज दहा तास अभ्यासिकेत बसणारे पास होतात, यावरून बसल्यामुळे पास होतात असं म्हणाल, तर आजोबा म्हणतील, “ज्याला आपलं होणार असं दिसतंय तोच दहा तास टिकतो.”

या तिन्ही शंकांवरचा तोडगा आपल्या न्यायशास्त्राने, म्हणजे जुन्या भारतीय तर्कशास्त्राने, दोन शब्दांत बांधून ठेवलाय: अन्वय आणि व्यतिरेक. कारण आहे तिथे कार्य आहे, हा अन्वय. कारण नाही तिथे कार्यही नाही, हा व्यतिरेक. बळकटी देणारे बरेचसे पर्याय या दोहोंपैकी एक असतात. लॉकरच्या प्रश्नातला ‘ब’ हा शुद्ध व्यतिरेक.

हे प्रत्यक्षात किती जोरकस असतं ते लंडनच्या कॉलऱ्यात दिसतं. १८५४ च्या ऑगस्टअखेरीस सोहो भागात ब्रॉड स्ट्रीटच्या आसपास साथ पेटली आणि दहा दिवसांत पाचशेवर लोक गेले. रोग दूषित हवेतून पसरतो, हा तेव्हाचा सर्वमान्य समज. जॉन स्नो या डॉक्टरचं म्हणणं होतं की दोष ब्रॉड स्ट्रीटवरच्या पंपाच्या पाण्यात आहे. मरणारे बहुतेक पंपाजवळ राहणारे होते, हा त्याचा पुरावा. आता आजोबांना विचारा. “पंपाजवळ राहणारे एकाच हवेत श्वास घेत होते. हवा वाईट असेल!” शंका रास्त आहे.

स्नोने दोन प्रकारची माणसं शोधली. पंपाजवळच बिअरचा कारखाना होता, सत्तरहून जास्त कामगार. त्यांना बिअर मिळायची, शिवाय कारखान्याची स्वतःची विहीर होती. तिथे कॉलऱ्याने एकही मृत्यू नाही. जवळच्या कामघरात, म्हणजे गरिबांना आसरा देऊन काम करून घेणाऱ्या संस्थेत, ५३५ माणसं राहत होती आणि त्यांचाही स्वतःचा पंप होता. तिथे फक्त पाच गेली. हवा तीच, पाणी वेगळं, रोग जवळजवळ नाही. हा व्यतिरेक. दुसरीकडे हॅम्पस्टेडला राहणारी एक विधवा बाई होती. सोहोपासून लांब, आसपास कॉलरा नाही. पण तिला ब्रॉड स्ट्रीटच्या पाण्याची चव आवडायची, म्हणून ती बाटली भरून मागवायची. ती कॉलऱ्याने गेली आणि तेच पाणी प्यायलेली, दुसऱ्या भागात राहणारी तिची भाचीही गेली. हवा वेगळी, पाणी तेच, रोग आहे. हा अन्वय.

परीक्षेतला पर्याय म्हणून ही वाक्यं वाचून बघा. ‘हॅम्पस्टेडमधील एका महिलेचा कॉलऱ्याने मृत्यू झाला’ एवढंच असेल तर पर्याय निरुपयोगी, उलट युक्तिवादाला धक्काच. ‘ती ब्रॉड स्ट्रीटचे पाणी मागवत असे’ हे जोडलं की तोच पर्याय सगळ्यात भारी. म्हणून लांबलचक पर्याय पहिल्या अर्ध्या ओळीवर काटू नका. परीक्षकाला ही घाई पक्की माहीत असते.

न्यायशास्त्रातला आणखी एक शब्द उपयोगाचा आहे, उपाधी. धूर आहे तिथे अग्नी असतोच. पण अग्नी आहे तिथे धूर असतोच असं नाही. लालबुंद तापलेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. धूर यायला ओलं सरपण लागतं. ते ओलं सरपण म्हणजे उपाधी, लपून बसलेली अट. बळकटीचा एक प्रकार नेमका हाच: लपलेली अट इथे पूर्ण झालेली आहे, असं सांगणारा पर्याय.

बाकीचे साचे, धावते

आकडा की प्रमाण? पेठेत फिरताना फ्लेक्स दिसतात: ‘यंदा आमचे १२० विद्यार्थी यशस्वी.’ शेजारचा क्लास ४० म्हणतो. निष्कर्ष: पहिल्याचं शिकवणं जास्त चांगलं. आजोबा विचारतात, “बसले किती होते?” टेकू देणारा पर्याय: दोन्ही क्लासमध्ये प्रवेश घेणाऱ्यांची संख्या साधारण सारखी होती. (एकाच पोराचा फोटो तीन क्लासच्या फ्लेक्सवर कसा येतो, हा प्रश्न आजोबाही विचारतात, त्याचं उत्तर तर्कशास्त्रात नाही.)

नमुन्यावरून सगळ्यांबद्दल. अभ्यासिकेच्या दारात दोनशे जणांना विचारून ‘पुण्यातल्या बहुतेक तरुणांना सरकारी नोकरी हवी’ म्हटलं, तर टेकू हवा तो नमुना पुण्यातल्या तरुणांसारखाच आहे असं सांगणारा. नमुना मोठा होता, एवढं पुरत नाही. त्याच दारात दोन हजार जणांना विचारलं तरी उत्तर तेच येणार.

योजना. ‘अमुक रस्त्यावर दुचाकी लावायला बंदी करून जवळच्या वाहनतळात सोय केली, तर कोंडी कमी होईल.’ इथे फट माणसांच्या वागण्यात असते: लोक वाहनतळात जातील का, की गल्लीत लावतील? ‘वाहनतळ रस्त्यापासून दोन मिनिटांवर आहे आणि गर्दीच्या वेळीही तिथे जागा शिल्लक असते’ हा टेकू. ‘कोंडीमुळे प्रदूषण वाढते’ हा नाही. तो कोंडी वाईट आहे म्हणतो, आणि ते कुणी नाकारलेलंच नाही. हा सापळा ओळखून ठेवा; हेतू चांगला आहे असं सांगणारा पर्याय योजना चालेल असं सांगत नाही.

तुलना. नाशिकला चाललं म्हणून पुण्यात चालेल, असं असेल तर ज्या बाबतीत चालण्याचा संबंध येतो त्याच बाबतीत दोन्ही शहरं सारखी आहेत हे दाखवावं लागतं.

चौथी पायरी: पर्याय उलटा करून बघा

दोन पर्यायांत अडकलात की प्रत्येकाचं उलटं वाक्य मनात म्हणा. ‘दुसऱ्या शाखेतही गुण तितकेच वाढले.’ मालकाचा युक्तिवाद लगेच लंगडतो, म्हणजे मूळ पर्यायात दम होता. ‘एकाग्रता भंगते असं विद्यार्थ्यांना वाटत नाही.’ मालकाला फारसा फरक पडत नाही, म्हणजे पर्याय पोकळ. ही कसोटी गृहीतकाच्या प्रश्नांत जशी चोख चालते तशी इथे दर वेळी चालत नाही. जोडीतला भारी कोण ते ठरवण्यापुरतीच वापरा. चारही पर्याय उलटे करत बसलात तर वेळ संपेल.

‘खालीलपैकी एक वगळता सर्व विधाने बळकटी देतात’ असा प्रश्न आला, तर वगळायचं विधान कमकुवत करणारंच असेल असं धरून चालू नका. पुष्कळदा ते नुसतं तटस्थ असतं, म्हणजे आमच्या ‘अ’सारखं विषयाला धरून पण कामाचं नाही.

वेळ आणि वही

यूपीएससीच्या सीसॅटमध्ये दोन तासांत ८० प्रश्न, म्हणजे एका प्रश्नाला दीड मिनिट. क्लॅटमध्ये दोन तासांत १२०, एक मिनिट. एमबीए सीईटीत १५० मिनिटांत २०० प्रश्न, पाऊण मिनिट. सीईटीत चुकीला गुण कापत नाहीत, तेव्हा अडलात तर ठोकून पुढे जा. सीसॅटमध्ये चूक झाली की त्या प्रश्नाच्या गुणांच्या एक तृतीयांश गुण जातात, त्यामुळे दोन पर्यायांपर्यंत आल्याशिवाय हात लावू नका. सरावाच्या पहिल्या महिन्यात मात्र घड्याळ बाजूला ठेवा. दिवसाला पाचच प्रश्न, पण पर्याय हाताने झाकून, फट लिहून झाल्यावरच हात काढायचा. अप्पा बळवंत चौकातून आणलेल्या जुन्या संचांतल्या उत्तरसूचीत फक्त अक्षर असतं, कारण नसतं. असा संच वापरलात तर कारण स्वतः लिहा.

चुकलेल्या प्रश्नांच्या वहीला तीन रकाने पुरतात: फट काय होती, मी काय निवडलं, ते का आवडलं. तिसरा रकाना मुलं टाळतात. लातूरच्या मुलाने मात्र तो मनापासून भरला. पंधरा दिवसांनी वही दाखवायला आला तेव्हा एकोणीस चुका होत्या, आणि त्यातल्या अकरांपुढे एकच वाक्य होतं: ‘मला हे खरं वाटलं नाही म्हणून काटलं.’ आता तो पर्याय वाचण्याआधी समासात बारीक अक्षरात ‘मानल्यास’ असं लिहून ठेवतो.